पोहायला पाणी शोधताना

उन्हाळ्यात आमच्या डोणगावच्या विहिरी तळाला गेल्या. पोहायला शिकायचे कुठे? रविवारी काकांबरोबर एस.टी.ने लोणारला गेलो. पाठीला बांधायला डबाही घेतला होता. भरलेले सरोवर पाहून मी सदराच काढू लागलो. काका म्हणाले, "थांब बाप्पा! ते पानी खारं हाय, डोयाले झोंबते."

उल्का पडून झालेला हा खळगा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. त्यातून पाणी बाहेर वाहत नाही. उन्हाने पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागेच उरतात. हजारो वर्षे असेच चालले आहे. गंमत म्हणजे काठावरच्या गोमुखाची गोड धारही त्यातच उतरते नि खारी होते!

धारेखाली डोके भिजवून परतलो. पोहणे राहिलेच. पावसाळ्यात विहीर भरली की शिकीन. पण मोठे माणूस सोबत असल्याशिवाय पाण्यात उतरणार नाही. मित्रांनो, तुम्हीही उतरू नका.