रेडिओशीं मैत्री, वर्तमानपत्रांशीं वैर

लोकशाहींत पुढाऱ्याला लोकांपर्यंत पोंचण्यासाठीं कोणाची तरी मध्यस्थी लागते. पूर्वीं ती वर्तमानपत्रें करीत. पुढें रेडिओ आला आणि मध्यस्थावांचून घरोघर शिरण्याची वाट मोकळी झाली. ही वाट लवकर ओळखणाऱ्या पुढाऱ्यांत अमेरिकेंतील लुइझियाना संस्थानच्या ह्यूई लाँग याची गणना केली पाहिजे.

१९२८ सालीं लाँग लुइझियानाचा गव्हर्नर झाला. त्यानें मुलांना शाळेचीं पुस्तकें फुकट दिलीं, खेड्यापाड्यांतून रस्ते व पूल बांधविले. गरिबांना तो आपला वाटला, यांत नवल नाहीं. परंतु शहरांतील मोठीं वर्तमानपत्रें बहुतेक त्याच्या विरुद्ध होतीं. ‘हीं पत्रें धनिकांचीं बटीक आहेत,’ असा लाँगचा आरोप असे; आणि त्यांत तथ्याचा अंश मुळींच नव्हता, असें म्हणतां येणार नाहीं. टीका मात्र त्याला सहन होत नसे. १९२९ सालीं त्याच्यावर महाभियोग आला, तेव्हां एका वृत्तपत्रमालकास धमकी दिल्याचा आरोपही त्यांत होता. त्या मालकाचा भाऊ वेड्यांच्या इस्पितळांत असल्याची गोष्ट उघड करण्याची ती धमकी होती. पंधरा सेनेटरांनीं आपण दोषी ठरविणार नाहीं असें लेखी कळविल्यामुळें लाँग त्या प्रसंगांतून निभावला.

१९३० सालीं त्यानें ‘लुइझियाना प्रोग्रेस’ हें स्वतःचें पत्र काढलें. पण त्याचें खरें शस्त्र रेडिओ हेंच होतें. १९३२ पासून तो वॉशिंग्टनच्या सेनेटांत बसूं लागला, आणि २३ फेब्रुवारी १९३४ रोजीं संपत्तीच्या वांटणीची आपली योजना त्यानें रेडिओवरूनच देशापुढें मांडली. त्याची एक युक्ति मोठी मासलेवाईक होती. भाषणाच्या आरंभीं तो सांगे, ‘पहिलीं कांहीं मिनिटें मी महत्त्वाचें कांहींच बोलणार नाहीं, तेवढ्यांत आपल्या स्नेह्यांना टेलिफोन करून रेडिओ लावावयास सांगा.’ अशा रीतीनें श्रोताच त्याचा दवंडीवाला बनत असे.

त्याच वर्षीं लुइझियानाच्या कायदेमंडळानें, त्याच्या वर्चस्वाखालीं, एक नवा कर बसविला. ज्या पत्रांचा आठवड्याचा खप २०,००० प्रतींहून अधिक, त्यांनीं जाहिरातींच्या एकूण उत्पन्नावर शेंकडा २ द्यावे, असा तो कायदा होता. लाँग त्यास ‘खोटें बोलण्यावरील कर’ म्हणे. वरवर पाहतां कर लहान; पण तो कोणावर पडला? केवळ तेरा पत्रांवर, आणि त्यांपैकीं बारा लाँगच्या विरोधकांचीं होतीं. लहान पत्रें सुटलीं. नऊ प्रकाशकांनीं न्यायालयाचे दार ठोठावलें.

निकाल ऐकावयास लाँग उरला नाहीं. ८ सप्टेंबर १९३५ रोजीं बॅटन रूज येथील विधिभवनांत त्याला गोळी लागली व १० तारखेस तो वारला. १० फेब्रुवारी १९३६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें कर रद्द केला. न्यायमूर्ति सदरलँड यांनीं इंग्लंडांतील १७१२ सालच्या पत्रांवरील कराचा दाखला दिला. इतर धंद्यांप्रमाणें वर्तमानपत्रांनींही सर्वसाधारण कर द्यावेच. परंतु जो कर वाचकांच्या संख्येवर मोजला जातो, त्याचा हेतु उत्पन्न मिळविण्याचा नसून वाचकांपर्यंत जाणारी माहिती रोखण्याचा आहे, असें न्यायालयाचें म्हणणें होतें.

लाँगनें बांधलेले रस्ते खरे होते, आणि त्याच्या विरोधी पत्रांचे दोषही खरे होते. म्हणूनच हा खटला विचार करण्याजोगा आहे. सदोष पत्राला उत्तर दुसऱ्या पत्रानें देतां येतें. लाँगलाही तें देतां आलें होतें. रेडिओवरील वक्त्याला मात्र दिवाणखान्यांत बसलेला श्रोता प्रश्न विचारूं शकत नाहीं. तो प्रश्न दुसऱ्या दिवशीं सकाळीं कोणीतरी छापावा लागतो.