कुंपणापलीकडचे 400 मीटर

भाचा नोकरीसाठी लागोसला निघाला, तेव्हा पीतज्वराची लस घ्यायला त्याच्याबरोबर मीही सरकारी केंद्रात गेले. दंडावर एक सुई, पिवळ्या पुस्तिकेवर शिक्का. टोचल्यापासून दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि 2016 पासून तो जन्मभर चालतो. असा दाखला नसताना पीतज्वर असलेल्या देशातून आलेल्या प्रवाशाला आपल्याकडे 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. रांग ओसरल्यावर तिथले डॉक्टर म्हणाले, ‘‘पुस्तिका हे निम्मं काम. बाकीचं विमानतळाच्या कुंपणाबाहेर, 400 मीटरांत चालतं.’’

तो आकडा डोक्यातून जाईना. पीतज्वर भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास घराघरात आहे. डेंग्यू, चिकुनगुनिया मुख्यतः त्याच्यामुळेच. 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला, तो आजारही हाच डास पसरवतो. म्हणजे पीतज्वरासाठी घर तयार आहे, फक्त पाहुणा यायचा राहिलाय. 2016 मध्ये अंगोलात साथ भडकली आणि तिथे कामाला गेलेले 11 चिनी कामगार ताप घेऊनच मायदेशी परतले. तिथून तो पुढे पसरला नाही. पण त्याच वर्षी शेजारच्या काँगोत, किन्शासात लस पुरेना म्हणून एका डोसाचे पाच भाग करून टोचावे लागले. ही लस कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून करतात, मागणी वाढली म्हणून महिनाभरात दुप्पट होत नाही. मुंबईवर अशी वेळ आली तर लशीच्या भरवशावर राहता येणार नाही, असं मला तेव्हापासून ठामपणे वाटतं.

म्हणून 400 मीटर. एडिस फार लांब उडत नाही. जिथे जन्मतो त्याच्या आसपासच चावतो, तेही दिवसाउजेडी. बंदर असो की विमानतळ, त्याभोवती किमान इतका पट्टा डासमुक्त ठेवावा, असं आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली सांगते. कागदावर तो पट्टा म्हणजे नकाशावरची एक रेघ. मुंबईत त्या पट्ट्यात माणसं राहतात, भिंतीला टेकून राहतात.

ऐन पावसाळ्यात मी पालिकेच्या कीटकनाशक विभागातल्या एका कामगारकाकांबरोबर तिथल्या गल्ल्यांतून फिरले. खांद्याला पिशवी, हातात टॉर्च आणि लांब दांड्याचा डाव. डोक्यावरून विमान गेलं की बोलणं थांबायचं आणि रॉकेलसारखा वास गल्लीभर रेंगाळायचा. ‘‘ताई, पिंप बघू जरा,’’ म्हणत ते दारात उभे राहायचे. फुलदाण्या, कुंड्यांच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे ते भराभर बघत. पिंपापाशी मात्र वाकून थांबत.

एका घरात निळ्या पिंपाचं झाकण काढून त्यांनी टॉर्चचा झोत पाण्यावर धरला. वर लोंबकळणाऱ्या अळ्या वळवळत तळाकडे पळाल्या. ‘‘डेंग्यूवाल्या,’’ ते म्हणाले. ‘‘या डोकं खाली करून तिरक्या लटकतात. मलेरियावाली पाण्याच्या वर आडवी पडून असते.’’ थोड्या वेळाने अळ्या पुन्हा वर आल्या. श्वास घ्यायला त्यांना यावंच लागतं.

मला वाटलं, आता पाणी ओतून देतील. पण घरातल्या बाई पिंपासमोर आडव्या उभ्या राहिल्या. पहाटे साडेचारला उठून भरलेलं पाणी होतं ते, आणि पुन्हा येणार दुसऱ्या दिवशी पहाटे. काकांनी हुज्जत घातली नाही. जुनी ओढणी मागितली, बादल्यांवर ताणून बांधली आणि सगळं पाणी गाळून घेतलं. ओढणीवर काळसर अळ्या तडफडत होत्या. मग ते काथ्या घेऊन रिकाम्या पिंपात कमरेपर्यंत वाकले. पाण्याची रेघ जिथे उमटते तिथे आतून गोल गोल घासत राहिले, बराच वेळ. बाहेर येऊन म्हणाले, ‘‘पाणी ओतलं की काम झालं असं लोकांना वाटतं. अंडी भिंतीला चिकटलेली असतात, मॅडम. कोरडी पडून महिनोन् महिने जगतात. पाणी लागलं की फुटतात.’’ गाळलेलं पाणी बाईंनी परत पिंपात ओतलं. एक बादलीसुद्धा वाया गेली नव्हती.

अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून काका दर आठवड्याला येतात. ‘कोरडा दिवस पाळा’ असं आपण भिंतींवर रंगवून ठेवतो. ज्या घरात पाणी तास-दीड तास येतं तिथे कोरडा दिवस म्हणजे बिनपाण्याचा दिवस, हे रंगवणाऱ्यांना सुचत नाही याचा मला राग आहे. 400 मीटरांतलं प्रत्येक पिंप नळाच्या वेळापत्रकामुळे तिथे आलंय. परदेशातून येणाऱ्या रोगाची एवढी धास्ती असेल तर त्या पट्ट्यात आधी पाणी पोहोचवा. पुस्तिका तपासणाऱ्या काउंटरवर होतो तितका खर्च इथेही करा. काकांसारखी माणसं वाढवा, त्यांना चांगले हातमोजे द्या. त्यांचे हात औषधाने खरखरीत झाले होते.

बाईंनी त्यांना तेच ऐकवलं, ‘‘पाणी दिवसभर सोडा, पिंप ठेवणारच नाही मी.’’

‘‘ते आमच्या हातात नाही, ताई. पण वर लिहून देतो, प्रत्येक वेळी लिहितो. शुक्रवारी येईन, तोवर झाकण घट्ट लावा,’’ असं म्हणून त्यांनी दाराबाहेरच्या कार्डावर तारीख टाकली आणि पत्र्यावरचे टायर काढायला शेजारच्या घरी शिडी मागितली.