हळू चालताना बंद पडणारी जुनी गाडी : आधी निदान, मग खर्च



जुनी मारुती किंवा ओम्नी दारात उभी असणे ही आता अनेक कष्टकरी घरांतील गोष्ट झाली आहे. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली. तिचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले आणि ओम्नीचे २०१९ मध्ये. तरी या गाड्या गावोगाव चालत आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आलेल्या अशा गाडीची एक तक्रार हमखास ऐकू येते : "पळताना छान पळते, पण हळू केली की बंद पडते."

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातील वांगणीसारख्या गावी ही तक्रार साधी राहत नाही. (कर्जत मार्गावरील रेल्वे स्टेशनची वांगणी ही नव्हे.) या भागात वळण, चढ, उतार, गतिरोधक आणि पावसाने उखडलेला रस्ता यांतून वाट काढावी लागते. गाडी बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच असते. रात्री बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस घेऊन जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयाकडे निघावे आणि गाडीने प्रत्येक वळणावर दम सोडावा, म्हणजे जिवाशीच गाठ. म्हणून हा बिघाड समजून घेणे गरजेचे आहे. त्यासाठी मेकॅनिक असण्याची गरज नाही.

हळू असतानाच का बंद पडते?

रेस दिली की इंजिनात भरपूर हवा आणि पेट्रोल जाते. थोडी हवा इकडून-तिकडून शिरली किंवा एखादा प्लग कमजोर असला तरी ते खपून जाते. रेस सोडली की मुख्य वाट जवळजवळ बंद होते आणि इंजिन अगदी बारीक छिद्रातून येणाऱ्या पेट्रोलवर जगते. यालाच आयडलिंग म्हणतात. छोट्या पेट्रोल गाडीचे आयडलिंग साधारणपणे मिनिटाला ८०० ते ९०० फेऱ्यांच्या आसपास असते. त्या वेळी इंजिनाकडे शिल्लक ताकद नसते. म्हणून लपलेला दोष तेव्हाच उघडा पडतो.

पंपाचा स्टोव्ह आठवा. निपलमध्ये कचरा अडकला की ज्योत फडफडते आणि विझते. कार्बोरेटरच्या स्लो जेटचेही तसेच आहे. फरक एवढाच, की स्टोव्हला आपण पिन मारतो, जेटला कधीही तार किंवा पिन मारू नये. छिद्र किंचित मोठे झाले तरी पेट्रोलचे माप कायमचे बिघडते. जेट काढून कार्बोरेटर क्लीनरने धुवावा आणि हवा मारावी.

आधी वहीत नोंद करा

गॅरेजमध्ये जाण्याआधी चार दिवस नोंद ठेवा. गाडी नेमकी कधी बंद पडते, यातच अर्धे निदान असते.

सकाळी थंड असताना बंद पडते आणि तापल्यावर ठीक चालते : चोक नीट लागत नसावा.

चढ चढून थांबल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होते : उष्णतेने पेट्रोलची वाफ होत असावी किंवा इग्निशन कॉइल तापून कमजोर पडत असावी.

ब्रेक दाबला की बंद पडते : ब्रेक बूस्टर किंवा त्याच्या पाईपातून हवा आत जात असावी.

पावसात किंवा डबक्यातून गेल्यावर बंद पडते : प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटरचे झाकण ओल धरत असावे.

रात्री हेडलाइट-वायपर लावले की बंद पडते : बॅटरी, अल्टरनेटर किंवा अर्थिंगची वायर पाहावी.

स्वस्तापासून महागाकडे

तपासणीचा क्रम हाच ठेवावा. प्रथम एअर फिल्टर काढून झटकावा. आपल्याकडच्या लाल धुळीने तो लवकर चोंदतो. मग पेट्रोल फिल्टर पाहावा. गाडी बंद पडताच टाकीचे झाकण उघडावे. हवा जोरात आत ओढल्याचा आवाज आला, तर झाकणातील हवेचा मार्ग बुजला आहे. असा दोष आणि चोंदलेला फिल्टर वेगातही त्रास देतो, हे लक्षात असू द्यावे.

नंतर प्लग काढून पाहावेत. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. तेलकट काळे म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पांढरेफटक म्हणजे पेट्रोल कमी पडते आहे. प्लगची फट गाडीच्या पुस्तकात दिली असेल तेवढीच ठेवावी.

त्यानंतर रबरी पाईप. जुने रबर कडक होऊन तडकते आणि फटीतून हवा आत शिरते. इंजिन चालू ठेवून 'स्स' असा आवाज ऐकावा. पंखा आणि पट्ट्यापासून हात व पदर दूर ठेवावा. इनटेकच्या पाईपांवर आणि पॅकिंगवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारावा. वायरींवर मारू नये. इंजिनाचा आवाज बदलला, तर फट तिथेच आहे.

हे सर्व ठीक असेल तरच आयडलिंगच्या स्क्रूला हात लावावा. अनेक जण उलटे करतात. आधी स्क्रू पिळून रेस वाढवतात. गाडी बंद पडत नाही, पण दोष तसाच राहतो आणि पेट्रोल जळत राहते.

उंचीचा दोष आणि पेट्रोलचा दोष

"घाटावर हवा विरळ, म्हणून गाडी बंद पडते," असे काही जण सांगतात. जव्हारची उंची सुमारे ४५० मीटर. एवढ्या उंचीवर हवेचा दाब सुमारे पाच टक्क्यांनीच कमी होतो. धडधाकट गाडी एवढ्याने बंद पडत नाही.

पेट्रोलचा विचार मात्र करावा. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि आता ते सर्वत्र आहे. इथेनॉल पाणी शोषते, टाकीतील जुना गाळ सोडवते आणि जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीला याचा त्रास अधिक. थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी आहे, टाकी साफ करावी. हे काम उघड्यावर, विडी-काडी आणि चुलीपासून लांब करावे.

२००० सालच्या सुमारास इंजेक्शनच्या गाड्या आल्या. त्यांत कार्बोरेटर नसतो. तिथे थ्रॉटल बॉडीवर साचलेला कार्बन आणि आयडलिंग सांभाळणारा व्हॉल्व्ह आधी साफ करून घ्यावा. इंजिनचा दिवा पेटत असेल तर स्कॅनर लावल्याशिवाय पार्ट बदलू नये.

घाटातली सावधगिरी

इंजिन बंद पडले की बूस्टर असलेल्या गाडीत एक-दोन दाबांनंतर ब्रेक दगडासारखा कडक होतो. तो निकामी झालेला नसतो, जोर जास्त लागतो. पुन्हा पुन्हा न मारता एकदाच घट्ट दाबून धरावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा आणि गाडी डोंगराच्या बाजूला घ्यावी. पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी बंद करून न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय तर आजच सोडावी. चार रुपयांच्या पेट्रोलसाठी सहा माणसांचा जीव पणाला लावू नये.

गॅरेजमध्ये काय बोलावे?

वहीतील नोंद मेकॅनिकला वाचून दाखवावी. "सगळे बदलून टाका" असे कधीही म्हणू नये. एका वेळी एकच दुरुस्ती करून गाडी चालवून पाहावी, म्हणजे गुण कशाने आला ते कळते. बदललेला जुना पार्ट आणि नव्याची पावती मागून घ्यावी. यात भांडण नाही, तो आपला हक्क आहे. प्लग, फिल्टर, पाईप, जेट सर्व ठीक असूनही गाडी बंद पडत असेल, तर कॉम्प्रेशन तपासायला सांगावे. व्हॉल्व्ह किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर खर्च मोठा येतो. तेव्हा गाडी ठेवायची की काढायची, हे घरातील सर्वांनी मिळून ठरवावे.

ज्या घरात मुलाला किंवा मुलीला पाने-पकडीची आवड आहे, त्यांनी तिला उनाडपणा समजू नये. जव्हारच्या शासकीय आयटीआयमध्ये कोणकोणते ट्रेड आहेत, याची चौकशी करावी. आणि वही घालण्यापासूनच सुरुवात करायची असेल, तर ते काम त्या मुलाकडे किंवा मुलीकडेच सोपवावे.