टोमॅटोच्या मागून आलेली करडी पाकोळी

पेरूमधल्या अँडीज पर्वतात, वांकायो इथे, तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर एक नर पतंग सापडला. त्यावरून एडवर्ड मेरिक या इंग्रज शाळाशिक्षकाने १९१७ साली नव्या जातीचे वर्णन केले. टोमॅटोची जगभरातली वैरीण ठरलेली टुटा अ‍ॅब्सोल्यूटा ती हीच.

अंग तांदळाच्या दाण्याएवढे, पाच ते सात मिलिमीटर. पंख पसरले तरी जेमतेम दहा मिलिमीटर. रंग करडा, त्यावर चंदेरी झाक आणि पुढच्या पंखांवर विखुरलेले काळे ठिपके. तिचे देखणेपण कळते ते भिंगाखाली. दोऱ्यासारख्या बारीक शृंगिकांवर फिकट आणि गडद कडी एकाआड एक चढवलेली असतात, तोंडापुढून दोन स्पर्शक बाकदार होऊन वर वळलेले दिसतात. मादी नरापेक्षा किंचित थोराड. दिवसभर ती पानांत दडून बसते आणि वावरते रात्री.

पण तिच्या कुळातल्या कितीतरी पाकोळ्या अशाच करड्या असतात. बटाटा पोखरणारी पाकोळी तर तिची जवळची नातलग, तीही मूळची दक्षिण अमेरिकेतलीच. नुसत्या पंखांवर विसंबलो तर फसगत ठरलेली. खात्री करायची तर नराच्या जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. वर्गीकरणातही तिची प्रजाती अनेकदा बदलली. २०२१ मध्ये तज्ज्ञांनी तिला पुन्हा फ्थोरिमिया प्रजातीत नेले. मेरिकनेही तिला तिथेच ठेवले होते!

टोमॅटोचे मूळही अँडीजचेच. पीक आधी जगभर गेले, कीड मागाहून निघाली. २००६ साली ती स्पेनमध्ये आढळली, २०१४ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकात.

शेतात ओळख पटते ती पानावरून. अनेकजण तिचा प्रादुर्भाव नागअळीचा समजतात, आणि हा घोळ महागात पडतो. नागअळी ही एका माशीची अळी. ती पानावर नागमोडी पांढरी रेघ ओढते. टुटाची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमधला गर खाते, त्यामुळे तिथे रुंद, पारदर्शक चट्टा पडतो आणि आत काळी विष्ठा साठते. वाढलेली अळी हिरवट, पाठीवर गुलाबी, डोक्यामागे बारीक काळी पट्टी असलेली. ती पानावर थांबत नाही, फळातही शिरते.

टोमॅटो लावणाऱ्यांनी फवारणीआधी एक पान उजेडासमोर धरून जरूर पाहावे. रेघ आहे की चट्टा, हे कळले तर कामगंध सापळे वेळेवर लागतील आणि चुकीच्या औषधावरचा खर्च वाचेल.