सुरांना लोकांचा कौल

गायकाची योग्यता कोणी ठरवावी, हा प्रश्न आपल्याकडे घराण्यांच्या गुरूंनी, संस्थानिकांच्या दरबारांनी आणि पुढे आकाशवाणीच्या श्रवण-परीक्षेने आपापल्या अंमलात सोडविला. १९९५ पासून झी वाहिनीवर गाजलेल्या ‘सा रे ग म’मध्येही निवाडा संगीतातील जाणकारांचाच असे. तो अधिकार जाणकारांकडून काढून दूरध्वनी हाती असलेल्या श्रोत्याला बहाल करणारी जी पद्धत पुढे जगभर रूढ झाली, तिचा उगम ब्रिटनचा. न्यूझीलंडच्या ‘पॉपस्टार्स’ने १९९९ साली होतकरू गायकांची निवड दूरचित्रवाणीवर दाखविली होती, सायमन फुलर यांनी ऑक्टोबर २००१ मध्ये आयटीव्हीवर ‘पॉप आयडॉल’ सुरू करताना त्या दर्शनास मतदानाची जोड दिली, आणि पुढल्या फेब्रुवारीत विल यंग व बोलताना अडखळणारा परंतु गाताना अस्खलित असा गॅरेथ गेट्स यांच्या अंतिम लढतीत सुमारे ८७ लाख मते पडली.

त्याच वर्षी या कार्यक्रमाच्या अमेरिकी आवृत्तीत केली क्लार्कसन विजयी झाली, आणि मग बोधचिन्ह व फेऱ्यांचा क्रम मूळ मालकांचा, गाणी व भाषा मात्र त्या त्या मुलखाची, अशा परवान्यावर हा कार्यक्रम देशोदेशी गेला. २००४ मध्ये सोनी वाहिनीवर अवतरलेल्या ‘इंडियन आयडॉल’चा पहिला मान मुंबईच्या अभिजित सावंतने मिळविला.

एका माणसास एकच मत हा निवडणुकीचा शिरस्ता येथे नाही. तेव्हा दूरध्वनीवरून जितके संदेश तितकी मते असत, आणि प्रत्येक संदेशास दाम पडे. त्यामुळे येथे डोकी मोजली जात नाहीत, जिव्हाळा मोजला जातो, आणि ज्या समाजांचे म्हणणे एरवी कोणी मनावर घेत नाही, त्यांना ही मोजणी विलक्षण मानवली, असे मला वाटते.

गाझातील खान युनिस निर्वासित छावणीत वाढलेला मोहम्मद असाफ सीमेवरची अडवणूक सोसून कैरोस पोहोचला, तेव्हा ‘अरब आयडॉल’च्या निवडचाचणीची दारे बंद झाली होती. तो भिंत चढून आत शिरला. परंतु क्रमांकाची चिठ्ठी हाती नसल्याने गाण्याचा अधिकार नव्हता. तेथे ताटकळत असताना त्याचे गाणे ऐकून दुसऱ्या एका पॅलेस्टिनी स्पर्धकाने स्वतःचा क्रमांक त्याला देऊन टाकला. जून २०१३ मध्ये, म्हणजे अरब जगतात ही पद्धत रुजून दशक लोटल्यावर, असाफ विजेता ठरला, आणि त्या रात्री गाझा व वेस्ट बँक या दोन दुरावलेल्या प्रदेशांनी एकच उत्सव केला.

आपल्या देशातील उदाहरण याहून दूरगामी ठरले. कोलकाता पोलिसांत शिपाई असलेला दार्जिलिंगचा प्रशांत तामांग २००७ साली अंतिम फेरीत आला, तेव्हा डोंगरावरील गोरखा समाजाने वर्गणी काढून मतांचे संदेश पाठविले. प्रतिस्पर्धी शिलाँगचा अमित पॉल असल्याने मेघालयातही तोच उत्साह होता. सप्टेंबरात प्रशांत जिंकला. पाठोपाठ एका खासगी रेडिओ केंद्रावरील निवेदकाने गोरखा समाजाविषयी काढलेल्या हीन उद्गारांवरून सिलिगुडीत दंगल उसळली. डोंगरावरचे प्रस्थापित नेते सुभाष घिसिंग या सगळ्यापासून अलिप्त राहिले होते, तर बिमल गुरुंग यांनी प्रशांतच्या मतांसाठी रान उठविले होते. ऑक्टोबरात गुरुंग यांनी गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला आणि स्वतंत्र गोरखालँड राज्याची मागणी पुन्हा दिल्लीपुढे आली.