आजोबांची दारू

शिरूर किंवा दौंड तालुक्यातला एखादा जुना वाडा उतरवायला काढला, की माळवदाच्या मातीबरोबर काय काय खाली येईल ते सांगता येत नाही. समया येतात, वाळवीने खाल्लेल्या चोपड्या येतात, घोड्याचे खोगीर येते आणि एखाद्या वाड्यात भिंतीतल्या फडताळातून एक जड, गंजलेला डबा निघतो. घरातली म्हातारी लांबूनच ओरडते, ‘‘हात लावू नका रे, दारू आहे ती!’’ आणि पोरे हसतात. प्यायची दारू आणि उडवायची दारू यांना आपल्या भाषेने एकच शब्द दिला, तो उगीच नसावा. दोन्हींनी घरे बसवली आहेत.

हा भाग तसा बंदुकीच्या दारूला परका नाही. घोडनदीकाठी शिरूरला इंग्रजांची छावणी होती. कॅप्टन स्टाँटनची तुकडी दोन तोफा घेऊन ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री निघाली ती इथूनच, आणि दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगावची लढाई झाली. पण वाड्यात सापडणारा डबा इतका जुना क्वचितच असतो. तो बहुधा आजोबांचा किंवा पणजोबांचा. पाटील-इनामदारांच्या घरी राखणीला ठासणीची बंदूक असे, ऐपतदाराकडे बारा बोअरची दुनळी. माळावर ससे, तितर भरपूर होते आणि १९७२ चा वन्यजीव कायदा यायचा होता. काडतूस महाग, शहरातून आणावे लागे. म्हणून उडवलेल्या पितळी पुंगळ्या जपून ठेवायच्या आणि घरीच पुन्हा भरायच्या, ही रीत. पावसाळ्याच्या दुपारी ओसरीवर पुंगळ्या भरत बसलेले आजोबा मी लहानपणी आजोळी पाहिले आहेत. आम्हा मुलांना तेवढा वेळ परसात पिटाळले जाई.

त्याच आजोळी, दौंड तालुक्यात, माझ्या मामेभावाने परवा वाडा उतरवला. मामा गेल्यावर त्यांची दुनळी रीतसर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केलेली आहे आणि वारस म्हणून परवान्याचा अर्ज चालू आहे. वाडा उतरवताना निघाले ते असे: दोन डबे, टोप्यांची एक चपटी डबी आणि पन्नास-साठ पितळी पुंगळ्या. मी उभा जन्म कॉलेजात रसायनशास्त्र शिकवले, म्हणून त्याचा मला फोन. ‘‘दादा, परवाना हातात आला की हीच दारू भरून वापरली तर? रानडुकरांनी ऊस झोपवलाय. नवीन काडतुसांना पैसे मोजायचे आणि आजोबांचा हा माल फुकट घालवायचा?’’

त्याचे दुखणे खोटे नव्हते. कालव्याच्या पाण्याने ऊस आला, उसात डुकरे आली, त्यांच्यामागे बिबट्याही आला. एका रात्रीत अर्धा एकर लोळवलेला फड ज्याने सकाळी पाहिला आहे, त्याला उपदेश करणे जड जाते. (डुक्कर मारायलाही वन खात्याची परवानगी लागते, हे त्याला ठाऊक होते.) तरीही मी त्याला सांगितले, आधी डबे आहेत तिथेच ठेव, झाकण उघडू नकोस, मी येतो.

एका डब्यात काळी दारू असावी असे घरातल्यांचे म्हणणे. सोरा, गंधक आणि कोळसा यांची ही दारू शेकडो वर्षांची. तिचा एक गुण असा, की ती कोरडी राहिली तर मरत नाही. सोरा सोराच राहतो, गंधक गंधकच. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात २००८ साली जुने तोफगोळे साफ करणारा एक जाणकार माणूस यादवी युद्धातल्या गोळ्याच्या स्फोटात ठार झाला. गोळा जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीचा होता. आपल्याकडे पुष्कळांची समजूत उलटी असते: इतकी जुनी, आता फुसकीच असणार. ‘फुसका बार’ हा शब्द ऐकायला बरा आहे, पण त्यावर हाताची बोटे पणाला लावू नयेत.

ओल लागली तर काय? सोरा पाण्यात विरघळतो. ओली दारू पुन्हा वाळली की तो जागा सोडून भलतीकडे साठतो, खडे होतात, आणि मग एक बार विझतो तर दुसरा कसा वाजेल याचा नेम नाही. आपल्या पूर्वजांना हे पक्के माहीत होते. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखान्याविषयी जी ताकीद आहे, ती मुळातून वाचावी अशी आहे. दारूखाना राहत्या घराजवळ नको, दारूला सर्दी लागू द्यायची नाही, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन ती बाहेर काढायची, ऊन द्यायचे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवायची. गडावरच्या दारूची पंधरवड्याला विचारपूस! आणि आमची दारू पन्नास-साठ वर्षे फडताळात, शेजारी गोवऱ्या आणि रॉकेलची बाटली.

खरी भीती मला दुसऱ्या डब्याची होती. आजोबांनी तो पुण्याहून आणला होता आणि त्यात ‘बिनधुराची’ दारू होती, एवढे वहिनींना सासूबाईंकडून कळलेले. या दारूचा घाट निराळा. कापसासारख्या सेल्युलोजवर आम्लाची प्रक्रिया करून ती बनते. फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने १८८४ साली ती रायफलीत वापरण्याजोगी केली. काळी दारू मरत नाही, ही मात्र जन्मल्या दिवसापासून झिजत असते. तिच्यातून नायट्रोजनच्या आम्लधर्मी वाफा हळूहळू सुटतात आणि त्याच वाफा तिचे कुजणे आणखी वाढवतात. त्या शोषून घ्यायला कारखान्यात डायफेनिलअमीनसारखे द्रव्य मिसळलेले असते. ते संपले की लगाम सुटला. डब्यात उष्णता साठते आणि कुणी काडी न लावता तो पेटू शकतो. दौंडच्या मे महिन्यात, पत्र्याखाली काय होईल याचा विचार वाचकांनीच करावा.

हे पुस्तकी भय नव्हे. फ्रान्सची ‘इएना’ ही युद्धनौका १९०७ साली तुलाँ बंदरात गोदीत उभी असताना फुटली, शंभरावर माणसे गेली. १९११ साली त्याच बंदरात ‘लिबेर्ते’ फुटली, तेव्हा त्याहून जास्त. ठपका आला तो नासलेल्या दारूवर. आपल्याकडे वर्धा जिल्ह्यात, पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या परिसरात, नोव्हेंबर २०१८ मध्ये निकामी करायला आणलेला जुना दारूगोळा उतरवताना सहा जणांचा जीव गेला. ज्यांचे कामच हे, त्यांची ही गत.

‘‘वास घेऊन पाहू का? खराब झाली असेल तर कळेल ना?’’ भावाने विचारले. नासलेल्या दारूला आंबट, झोंबणारा वास येतो, तांबूस वाफ दिसते, झाकण आतून गंजते, हे सगळे खरे. पण ही लक्षणे दिसली नाहीत म्हणून दारू चांगली, असा दाखला घरच्या नाकाला देता येत नाही. तो प्रयोगशाळेचा प्रांत. शिवाय कोणत्या डब्यात कोणती, हेही ऐकीवच. काळ्या दारूसाठी घडवलेल्या जुन्या नळीत बिनधुराची दारू गेली, तर दाब इतका चढतो की नळी डोळ्यांसमोर फाटते. आणि ती टोप्यांची डबी? सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत तापट. तिला धक्काही पुरतो.

मग कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत बंदुकीत भरायची दारू येते आणि काडतुसाचे सुटे भागही येतात. ते परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत, आणि दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो. बंदूक वारसाला रीतसर अर्ज करून मिळू शकते. डब्यातली दारू सातबाऱ्यासारखी नावावर चढत नाही.

भाऊ बराच वेळ गप्प होता. पोलिसांकडे जायचे तर ‘इतकी वर्षे घरात कशी ठेवली’ हा प्रश्न येणार, ही धास्ती. अशा धास्तीपोटीच लोक रात्री डबे विहिरीत टाकतात किंवा बांधावर पेटवून देतात, आणि मग दवाखान्यात जातात. मी म्हटले, मी बरोबर येतो. आम्ही डबे न हलवता ठाण्यात गेलो, सापडल्याची हकिकत लेखी दिली. जबाब झाला, चहा झाला. दुसऱ्या दिवशी बॉम्बशोधक पथकाची माणसे आली. वाड्याभोवतीची माणसे त्यांनी लांब नेली, आणि दोन्ही डबे व टोप्या वाळूच्या पेटीतून घेऊन गेले.

पुंगळ्या तरी राहू द्या, घासून फडताळात ठेवीन, असे वहिनींचे म्हणणे होते. पण त्याही काडतुसाचाच भाग, म्हणून पंचनाम्यात मोजून लिहिल्या गेल्या. अठ्ठावन्न भरल्या.