आकाशवाचक एका शब्दाचे कुळ

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील ३,७२४ मीटर उंचीच्या सर्वोच्च शिखराला तेथील ङाई ताहू या माओरी जमातीच्या बोलीत 'आओरकी' म्हणतात, तर उत्तरेकडील बोलींत त्याच नावाचे रूप 'आओरङी' असे होते. १९९८च्या कायद्याने माउंट कुक या इंग्रजी नावाआधी 'आओरकी'ची अधिकृत स्थापना केली, आणि ते उचितच झाले. 'रकी' आणि 'रङी' या दोन्ही रूपांचा अर्थ आकाश असा असून 'ङ'चा 'क' होणे हा उच्चारातील दोष नव्हे, तर दक्षिणेच्या बोलीचा नियमित ध्वनिबदल आहे.

एकाच मूळ शब्दाची अशी निरनिराळी रूपे युरोपातही दिसतात. लॅटिनमधील आकाशवाचक 'काएलुम' हा शब्द इटालियनमध्ये 'चेलो', फ्रेंचमध्ये 'सिएल' आणि रुमानियनमध्ये 'चेर' झाला. लॅटिनपासून निघालेल्या या भाषांना रोमान्स भाषा म्हणतात आणि तेथील मूळ शब्द ग्रंथांत लिहिलेला सापडतो. प्रशांत महासागरातील पॉलिनेशियन भाषांच्या जननीला मात्र लिपी नव्हती. म्हणून सामोआ व टोंगाचे 'लङी', हवाईचे 'लनी', ताहितीचे 'रइ' आणि माओरी 'रङी' ही रूपे शेजारी ठेवून अभ्यासकांनी मूळ रूप 'लङी' असे अनुमानिले. अशी रूपे नोंदवणारा 'पोलेक्स' हा तौलनिक कोश ऑकलंड विद्यापीठातील ब्रूस बिग्ज यांनी १९६५मध्ये आरंभिला.

ध्वनींपेक्षाही अर्थांचा विस्तार विलक्षण आहे. माओरीत 'रङी' म्हणजे आकाश, हवामान, दिवस आणि गीताची चालही. आद्य पिता मानलेल्या आकाशदेवाचे नाव रङीनुई. टोंगात 'लङी' हे राजघराण्याच्या दगडी समाध्यांचे नाव झाले. हवाईत 'लनी' उच्चकुलीन सरदारांना लावला गेला आणि तेथील अखेरची राणी लिलिउओकलनी हिच्या नावात तो आजही दिसतो.

पॉलिनेशियन भाषांच्या या नात्याचा प्रत्यक्ष प्रत्यय १७६९मध्ये आला. ब्रिटिश दर्यावर्दी कुकच्या जहाजावरील तुपाइया हे जाणकार नाविक-पुरोहित ताहितीजवळच्या रइआतेआ बेटाचे होते, तरी माओरींशी ते संवाद साधू शकले. माओरी परंपरेत त्या बेटाच्या नावाचे रूप 'रङीआतेआ' असेच आहे. पॉलिनेशियन मूळ रूपाच्याही मागे गेल्यास मलय भाषेतील 'लङित' आणि मादागास्करमधील 'लानित्र' हे शब्द याच कुळातले ठरतात. पॉलिनेशियन रूपांत मूळचे अंत्य व्यंजन तेवढे गळून गेले आहे.